कॉलेजच्या पोरांनी आपल्या भागातली अन्नाची चणचण कमी करायची म्हटलं तर नेमकं काय करावं?

शेवटचा_बाक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. आम्ही दुसऱ्या वर्षाची काही पोरंपोरी आहोत. कॉलेजच्या आजूबाजूला अशी बरीच घरं आहेत जिथे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किराणा संपलेला असतो आणि पगार व्हायचा असतो, हे आम्हाला वर्गातल्याच एका मैत्रिणीकडून कळलं. तर यावर काहीतरी करायचं असं ठरलंय, ग्रुप झालाय, नाव ठरलंय, लोगोसुद्धा झालाय, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त चर्चा त्या लोगोवरच झाली. पण पुढे गाडी अडकलीय. अर्ध्यांचं म्हणणं एकच मोठा दिवस करू, सगळ्या वर्गांतून धान्य गोळा करू, पाकिटं करून वाटू. उरलेल्यांचं म्हणणं मेसमधलं आणि समारंभांतलं उरलेलं जेवण रोज उचलून पोचवू, एकीकडे फेकलं जातंय आणि दुसरीकडे कमी पडतंय तर मधे आपण उभं राहायचं. आणि दोघी अशा आहेत ज्या म्हणतात की आधी कुणालातरी जाऊन विचारा तरी. यावरून सध्या ग्रुपवर नुसती हमरीतुमरी चाललीय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. उपदेश नको, काम सांगा प्लीज.

उंटावरचा_शहाणा

लोगो झाला म्हणजे निम्मं काम झालंच की :)

गंमत सोडा, पण असे ग्रुप बरेच पाहिलेत. नव्याचे नऊ दिवस, दहाव्या दिवशी सबमिशन, आणि अकराव्या दिवशी ज्याच्याकडे खोलीची किल्ली होती तो इंटर्नशिपला गेलेला असतो. पोरांचा दोष नाही म्हणा, त्यांचं मुख्य काम शिकणं आहे. पण ज्या घरानं तुमच्या भरवशावर त्या आठवड्याचा हिशोब मांडला त्याचं काय? सुरू कसं करायचं यावर भांडताय, सुट्टीत कोण येणार यावर भांडा जरा.

भांडारवाला

शहाणे बोलले ते टोचणारं असलं तरी मुद्दा बरोबर आहे. मी एका अन्नपेढीच्या (फूड बँक, म्हणजे दान आलेलं धान्य साठवून गरजूंना देणारी संस्था) गोदामात सामान लावायचं काम बघतो, नोकरी नाही, निवृत्तीनंतरचा उद्योग. तर गोदामाच्या बाजूनं काय दिसतं ते लिहितो, लांबेल थोडं.

एका दिवसाची मोहीम झाली की दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात येतो आणि त्यातनं काय उतरतं बघा. फोडून रबरबँड लावलेली पाकिटं, तारीख उलटलेले डबे, एकाच पोत्यात कपडे धुवायची पावडर आणि पीठ, आणि लेबल नसलेली बरणी ज्यात काय आहे ते देव जाणे. साबणाचा वास पिठाला लागला की ते पीठ कुणाला देता येत नाही. तांदळाच्या एका पिशवीत सोंडे असले आणि ती न बघता फळीवर चढली की काही आठवड्यांत शेजारच्या पिशव्यांतही तेच. म्हणून प्रत्येक पिशवी उजेडात धरायची, तळाचे कोपरे चिमटीत दाबायचे, तिथे बारीक भुकटी साचलेली दिसली की ती पिशवी वेगळी, आणि वेगळी म्हणजे दुसऱ्या खोलीत, त्याच खोलीच्या कोपऱ्यात नाही. गोळा करायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ या निवडण्यात जातो आणि तेव्हा आदल्या दिवशीच्या फोटोतलं कुणीच तिथं नसतं.

तेव्हा गोळा करायचंच असेल तर एक वर्ग एक वस्तू असं करा. या वर्गानं फक्त तेल आणायचं, त्या वर्गानं फक्त कडधान्य, सगळं सीलबंद, तारखेला निदान तीन महिने शिल्लक. निवडायचं काम जवळजवळ उरतच नाही. आणि कोणती वस्तू ते आधी फोन करून विचारा. तांदूळ सगळेच आणतात. कमी काय पडतं तर तेल, मीठ, मसाले, साखर, आणि ज्याचा कुणी विचारच करत नाही असं सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपर, कारण त्यावर गेलेले पैसे शेवटी ताटातूनच कापले जातात.

फळीवर लावताना आधी आलेलं आधी जाऊन चालत नाही, आधी संपणारं आधी गेलं पाहिजे. मागून भरायचं, पुढून काढायचं, तारीख जाड मार्करनं दर्शनी बाजूला लिहायची. एवढं एक काम जरी कुणी दर आठवड्याला येऊन नीट केलं तरी मी त्याला हार घालीन.

आता मुख्य गोष्ट. आम्हाला माणसं कधी लागतात? गाडी येते तेव्हा, म्हणजे आठवड्याच्या मधल्याच कुठल्यातरी वारी भर दुपारी. आणि माणसं कधी येतात? रविवारी सकाळी. रविवारी इतकी येतात की मला त्यांच्यासाठी काम शोधावं लागतं, झाडलेली जमीन परत झाडून घेतो अक्षरशः. वर्षाचंही तसंच आहे, सत्र सुरू झालं की झुंबड, परीक्षा जवळ आल्या की शुकशुकाट, सुट्टीत तर नावच काढू नका. त्यामुळे माझ्या मते तुमच्यातल्या त्या दोघी बरोबर आहेत. आधी तुमच्या भागात कोण हे काम करतंय ते शोधा आणि त्यांना विचारा की तुमच्याकडे माणूस कुठल्या वारी कमी पडतो. दोघं जण जरी ठरल्या वेळी आले तरी तुमच्या मोठ्या दिवसापेक्षा आम्हाला जास्त उपयोग आहे.

गणिती_किडा

काकांचा प्रतिसाद भारी. थोडं आकड्यांचं माझ्याकडून.

हा प्रश्न फक्त उपाशी झोपणाऱ्यांचा धरला तर तुम्हाला तुमच्या आसपास फारसं कुणी दिसणारच नाही. १९९६ साली रोमला जागतिक अन्न परिषद झाली, तिथे जी व्याख्या झाली ती अशी की सगळ्या लोकांना, सगळ्या काळी, पुरेसं सुरक्षित आणि पौष्टिक अन्न हाती लागायला हवं, हाती म्हणजे प्रत्यक्षात आणि पैशानंही. यातलं "सगळ्या काळी" महत्त्वाचं, महिनाअखेरचा आठवडा त्यातच येतो. एफएओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं, हे मोजायला आठ प्रश्नांची पट्टी केलीय. गेल्या बारा महिन्यांत पैशाअभावी जेवण पुरेल का याची काळजी वाटली का, इथून ती सुरू होते, मग तेच ते चार पदार्थ खाऊन दिवस काढले का, एखादं जेवण टाळलं का, घरात काही उरलंच नाही असं झालं का, आणि शेवटी अख्खा दिवस काहीच खाल्लं नाही असं झालं का.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात भुकेले लोक ६३.८ ते ७२ कोटी होते, पण या पट्टीनं मोजलेली मध्यम किंवा तीव्र अन्न-असुरक्षितता असलेले सुमारे २३० कोटी. म्हणजे तिपटीहून जास्त. हे मधले लोक रस्त्यावर दिसत नाहीत, ते कामाला जातात, इस्त्रीचे कपडे घालतात, तुमच्या शेजारच्या बाकावर बसतात.

एक विनंती, ते आठ प्रश्न घेऊन वस्तीत सर्व्हे करत फिरू नका. प्रोजेक्ट म्हणून लोकांच्या दारात जाऊन "काल जेवलात का" विचारायचं आणि परत फिरकायचं नाही, हे बरं दिसत नाही.

सूक्ष्मदर्शी

रोजचं उरलेलं जेवण उचलायचं म्हणणाऱ्यांसाठी लिहितेय. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडी खडूस वाटेन.

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे, शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ठेवायचं तर ५ च्या खाली, आणि परत गरम केलं तर आतपर्यंत ७० च्या वर गेलं पाहिजे. मधला जो पट्टा आहे तो जंतूंचा. आता तुमचं वेळापत्रक बघा, जेवण बारा वाजता शिजलं, तीनपर्यंत पंगत चालली, चार वाजता तुम्हाला फोन आला, साडेपाचला तुम्ही बाइकवरून निघालात. संपलं की.

"आम्ही नेऊन उकळून देऊ" असं कुणीतरी म्हणेलच. भाताचं उदाहरण घ्या. बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू तांदळात बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपात असतो, ते बीजाणू शिजवल्यानं मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष सोडतात ज्यानं उलट्या होतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. माणसांच्या हातावरून येणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचंही तसंच, जंतू मरतो, विष राहतं. आणि वास, रंग, चव काहीही बदलत नाही, त्यामुळे "वास घेऊन बघितला, चांगलं आहे" याला काही अर्थ नाही.

म्हणून करूच नका असं नाही. पण मग असं करा. पंगतीत वाढलेलं, लोकांच्या चमच्यांपुढे राहिलेलं घ्यायचंच नाही, फक्त स्वयंपाकघरातून बाहेर न आलेलं घ्यायचं. सुरीसारखा आत खुपसायचा थर्मामीटर घ्या, स्वस्त असतो, आणि पातेल्याच्या कडेला नाही तर मधोमध खोल घालून बघा, कारण मोठं पातेलं कडेनं आधी निवतं आणि मधे तासन्‌तास कोमट राहतं. थंड करून न्यायचं असेल तर उथळ ट्रेमध्ये पसरवा, खोल पातेल्यात नको. डब्यावर शिजवल्याची वेळ आणि आत काय काय आहे ते लिहा, शेंगदाणे, दूध, गहू, तीळ हे तर नक्की, ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला फुकटच्या जेवणातही विचारायचा हक्क आहे.

पहिलं वर्ष तरी पाव, फळं, भाज्या, सीलबंद वस्तू एवढंच उचला असं मी सुचवेन. हात बसला की मग शिजलेल्याकडे वळा.

शेवटचा_बाक

बाप रे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. सूक्ष्मदर्शी ताई, ग्रुपवर तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा टाकलाय, तिकडे सध्या शांतता आहे :)

मेसच्या मॅनेजरनाही आम्ही विचारलं होतं, ते म्हणाले कुणाला बाधलं तर आमच्या गळ्यात येईल, फेकलेलं परवडलं. याला काय उत्तर द्यायचं?

गणिती_किडा

त्यांची भीती रास्त आहे, पण कायदे बऱ्याच ठिकाणी झालेत. अमेरिकेत १९९६ चा कायदा आहे, चांगल्या हेतूनं आणि घोर निष्काळजीपणा न करता दिलेल्या अन्नासाठी देणाऱ्याला संरक्षण मिळतं. फ्रान्सनं २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटना खाण्याजोगं अन्न नष्ट करायला बंदी घातली आणि संस्थांशी करार करायला लावलं. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१९ मध्ये उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याचे नियम काढले, त्यात लेबल, साठवण, नोंदी सगळं आहे. तुम्ही जिथे असाल तिथला नियम छापून न्या, आणि सोबत वर ताईंनी सांगितलेलं तापमान आणि वेळ लिहिलेली वही दाखवा. तोंडी "आम्ही काळजी घेऊ" यावर कुठलाच मॅनेजर हो म्हणणार नाही.

परदेशी_पाखरू

विद्यार्थ्यांनी हे करणं काही नवीन नाही, म्हणून थोडा इतिहास. आधुनिक अन्नपेढी म्हणतात ती १९६७ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. विद्यापीठात विद्यार्थ्यांनी चालवलेली पहिली अन्नपेढी १९९३ ची, मिशिगन स्टेट विद्यापीठातली. २००१ मध्ये सेंट लुईस विद्यापीठात कॅम्पस किचन्स सुरू झालं, तिथे मुलं कॉलेजच्याच स्वयंपाकघरात रिकाम्या वेळेत बाहेरून आलेल्या जादा अन्नाचं जेवण बनवायची. २०१० ला लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये मेसच्या कार्डावरची न वापरलेली जेवणं दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या नावावर वळवायची कल्पना निघाली, ती मला सगळ्यात हुशार वाटते, कारण त्यात काही वाहून न्यायचंच नाही, नुसती नोंद बदलायची. आणि २०११ ला मेरीलँड विद्यापीठातल्या मुलांनी डायनिंग हॉलचं उरलेलं उचलायला सुरुवात केली, त्याचं पुढे देशभर जाळं झालं.

यातली जी टिकली ती का टिकली असं बघितलं तर बहुतेक ठिकाणी मागे एक न हलणारी गोष्ट सापडते, विद्यापीठाची खोली, एखादी पगारी समन्वयक, नाहीतर मोठ्या अन्नपेढीशी करार. पोरं बदलत राहिली, ती गोष्ट राहिली.

रात्रपाळी

आतापर्यंत सगळे देणाऱ्याच्या बाजूनं बोलताय. मी दुसऱ्या बाजूला होते. शिकताना रात्री काम करायचे, फी भरली की खायला फार उरायचं नाही, आणि कॉलेजात एक अन्नकक्ष होता जिथे मी खूप उशिरा गेले.

उशिरा का, तर तो मुख्य दरवाजाशेजारी होता, काचेची भिंत, बाहेर मोठा बोर्ड, आणि आत टेबलामागे माझ्याच वर्गातली मुलगी. तिनं अगदी प्रेमानं विचारलं, "अगं तू?" बस. त्यानंतर मी सत्र संपेपर्यंत फिरकले नाही. वाईट काही बोलली नाही ती, पण ते "अगं तू" पुरेसं होतं.

नंतर नवीन लोकांनी तो ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला हलवला, आत फळ्या लावल्या आणि पिशवी भरून हातात द्यायचं बंद केलं, ज्यानं त्यानं आपलं आपण घ्यायचं, फळीवर फक्त किती घ्यायचं ते लिहिलेलं. फरक बघा, पूर्वी पिशवीत जे यायचं त्यातलं निम्मं मला शिजवताच यायचं नाही, मी ते कुणाला तरी देऊन टाकायचे. आपलं आपण घ्यायला लागल्यावर कुणी ओरबाडलं नाही, उलट फळ्या जास्त दिवस पुरायला लागल्या असं तिथलेच लोक म्हणायचे.

तर धागाकर्त्यांना माझ्या तीन गोष्टी, बाकी काय करायचं ते करा. घेणाऱ्याचा फोटो नाही, म्हणजे पाठमोराही नाही, हातांचाही नाही. गरज सिद्ध करायला लावू नका, जो आला त्याला लागतंय असं धरा, एखादा फुकट नेईलही, नेऊ दे. आणि टेबलामागे कोण बसणार ते विचार करून ठरवा, वर्गातलं कुणी आलं तर नजर फिरवायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विषय काढायचा नाही, हे बसणाऱ्याला आधी शिकवा. तुमच्या त्या मैत्रिणीनं तुम्हाला हे सांगितलं ना, तिचं नाव तुमच्या ग्रुपवर किती जणांना कळलंय आता?

शेवटचा_बाक

नाव कुणालाच सांगितलेलं नाही. पण फोटोचं बरं झालं बोललात, पोस्टरवर "लाभार्थींसोबत" असा एक चौकोन डिझाइनमध्ये होता, तो काढायला सांगतो.

उंटावरचा_शहाणा

रात्रपाळी यांचा प्रतिसाद आवडला. तरी माझी मूळ शंका राहतेच. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं की दुष्काळातही बऱ्याचदा अन्न असतं, माणसाकडे ते मिळवायचा अधिकार आणि पैसा नसतो. मग पोरांनी पाकिटं वाटून काय होणार? घरभाडं, कमी पगार, वेळेवर न मिळणारी मदत, हे सगळं तसंच. उलट सरकार म्हणणार, पोरं करतायत की. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या आणि लष्करानं आचारी काढून टाकायचा.

गणिती_किडा

मुद्दा मान्य, पण त्यातूनच एक काम निघतं जे विद्यार्थी उत्तम करू शकतात आणि जे कुणाला ग्लॅमरस वाटत नाही, फॉर्म भरणे. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेचा अहवाल आला होता, त्यांनी विद्यार्थ्यांमधल्या अन्न-असुरक्षिततेवरचे ३१ अभ्यास तपासले, त्यातल्या २२ अभ्यासांत प्रमाण ३० टक्क्यांच्या वर होतं. आणि २०१६ सालच्या आकड्यांनुसार सरकारी अन्नमदतीला पात्र ठरू शकतील अशा जवळजवळ २० लाख विद्यार्थ्यांनी ती घेतलीच नव्हती. नियम किचकट, कागद भरपूर, आणि आपण पात्र आहोत हेच माहीत नाही. मदत असते, पोचत नाही, हे बऱ्याच देशांत कमीजास्त असंच आहे.

आता विचार करा, तुमच्या इथली जी काही सरकारी योजना असेल तिचा फॉर्म, लागणारे कागद, कुठल्या खिडकीवर कधी जायचं, अर्ज फेटाळला तर तक्रार कुणाकडे, हे चार मुलांनी नीट शिकून घेतलं आणि आठवड्यातून एक संध्याकाळ बसले, तर एका घराला वर्षभराचं धान्य लागू होऊ शकतं. तेवढं पाकिटांनी करायला तुम्हाला किती मोठे दिवस करावे लागतील?

उंटावरचा_शहाणा

हे पटलं. फॉर्मला फोटोही काढता येत नाही, म्हणजे खरंच काम करणारेच येतील.

नोंदवही

मी कॉलेजात सेवा उपक्रमाचं काम बघते, माझीही भर. तासांच्या अटीवरून नेहमी नाकं मुरडली जातात. भारतात राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, तीत वर्षाला १२० तास धरलेले आहेत, इतर देशांतही विद्यापीठं क्रेडिटसाठी सेवेचे तास मागतात. मुलं तास भरायला येतात हे खरं. पण तासांची नोंद असली की वेळापत्रक करावं लागतं, आणि वेळापत्रक असलं की मधल्या वारी दुपारी माणूस मिळू शकतो. मी तासांना एक अट जोडलीय, एका दमात दहा तास चालणार नाहीत, दर आठवड्याला दोन असतील तरच सही. तक्रारी भरपूर येतात :)

भांडारवाला

नोंदवही ताई, ही अट सगळ्यांनी लावावी. प्रमाणपत्रासाठी आलेला मुलगाही पोतं उचलतोच, पोत्याला काय कळतंय.

शेवटचा_बाक, परीक्षेचं काय करायचं ते सांगतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात परीक्षांचं आणि सुट्ट्यांचं वेळापत्रक घेऊन अन्नपेढीच्या लोकांसोबत बसा आणि सरळ सांगा की या या आठवड्यांत आम्ही येणार नाही. लोकांना राग येत नाही, आधी कळलं तर. मी त्या आठवड्यांत नोकरी करणाऱ्यांना विचारतो, निवृत्त मंडळींना विचारतो, शाखा वेगवेगळ्या असतील तर परीक्षाही एकाच दिवशी नसतात, त्या मुलांची अदलाबदल होते. न सांगता गायब झालात तरच पंचाईत. गाडी दारात उभी आणि उतरवायला मी आणि माझी कंबर.

आणि एक साधी वही ठेवा, मोबाईलमध्ये नको, कारण मोबाईल माणसाबरोबर जातो. किल्ली कुणाकडे, बेकरीवाल्याचा माणूस किती वाजता भेटतो आणि मागच्या दारानं जायचं की पुढच्या, फ्रीजचं दार नीट लागत नाही म्हणून त्याला काय लावायचं, कुठल्या आजींना जिना चढता येत नाही म्हणून पिशवी खालीच द्यायची, असलं सगळं त्यात. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी जाण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या दोघांना निदान एक महिना सोबत न्यायचं, वही देऊन मोकळं व्हायचं नाही. तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात ना? मग तुमच्या जागी येणारी पोरं आत्ता पहिल्या वर्षात आहेत, आजच शोधायला लागा.

परदेशी_पाखरू

+१ वहीला. आणि आजींचं लिहिताना नाव-पत्ता नको, नुसती खूण लिहा. वही कुणाच्याही हाती पडू शकते.

शेवटचा_बाक

अपडेट. ग्रुपमध्ये परत बोलणं झालं, मोठा दिवस रद्द केलेला नाही पण छोटा केलाय, वर्गागणिक एक वस्तू, यादी अन्नपेढीकडून घेऊन. मेसचं शिजलेलं या वर्षी नाही, फक्त पाव आणि फळं, थर्मामीटर मात्र आत्ताच घेतोय, सवय व्हायला. चार जण फॉर्मचं शिकायला तयार आहेत, त्यातला एक कायद्याचा आहे, तो तर खूशच झालाय. दोन जण ग्रुप सोडून गेले, त्यांना फोटो नाही हे पटलं नाही, असो.

आता सुट्टीचाच प्रश्न उरलाय. रात्रपाळी ताई, सुट्टीत हॉस्टेलवर जी मुलं राहतात, घरी जायला पैसे नसतात किंवा घरच नसतं, त्यांची मेस बंद होते. हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं, रेक्टरकडे राहणाऱ्यांची यादी मागावी का?

रात्रपाळी

यादी मागू नका. यादी झाली की ती कुणीतरी वाचतंच. मेस बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात नोटीसबोर्डावर नुसतं लिहा, अमुक खोलीत, अमुक वेळेत, ज्याला हवं त्यानं यावं. आणि ती वेळ संध्याकाळी उशिराची ठेवा, सुट्टीत राहिलेली बरीच जण दिवसा कुठे ना कुठे काम करत असतात.

सुट्टीत तुमच्यापैकी जे राहणार असतील त्यांनाच किल्ली द्या. तेही त्याच फळीवरून घेतील कदाचित, घेऊ देत, त्यात काही बिघडत नाही.

भांडारवाला

सुट्टीची खेप हवी असेल तर मला किंवा तुमच्या भागात जे असतील त्यांना महिनाभर आधी आकडा लागतो, अंदाजे चालेल. आणि एक सांगा, खोल्यांत शिजवायची सोय असते का? नसेल तर कोरडं धान्य देऊन काही उपयोग नाही, पडून राहील आणि सोंडे होतील.

शेवटचा_बाक

शेगडीला परवानगी नाही काका. पाणी तापवायची किटली चालते, आणि मजल्यागणिक एक मायक्रोवेव्ह आहे, त्यातला आमच्या मजल्यावरचा बंद असतो.

भांडारवाला

मग किटलीत आणि मायक्रोवेव्हमध्ये होईल असंच मागा. ओट्स, सूपची पाकिटं, दूध पावडर, डब्यातल्या शिजवलेल्या शेंगा, आणि डबा सहज उघडणारा हवा, खोलीत ओपनर नसतो कुणाकडे. तो बंद मायक्रोवेव्ह सुट्टीच्या आधी दुरुस्त करून घ्या, अर्ज आत्ताच टाका, सुट्टीत ऑफिसात कुणी भेटणार नाही.